एकेचाळीस चुका

जानेवारी लागला की आमच्या धारवाडात वक्तृत्व स्पर्धांना ऊत येतो, आणि मी निवृत्त झाल्यापासून परीक्षक म्हणून मला बोलावण्यांनाही. विषय गेल्या कित्येक वर्षांत बदललेला नाही : इंटरनेट शिक्षकाची जागा घेऊ शकेल काय. पूर्वी निदान बाजूनं आणि विरुद्ध अशी भांडणं तरी व्हायची. आता दोन्हीकडची मुलं एकाच ठिकाणाहून उतरवून आणतात, त्यामुळे शिक्षक मेणबत्तीसारखा जळतो हे वाक्य एका सकाळी मी सहा-सहा वेळा ऐकते. ऐकते, गुण देते, समोर आलेला चहा पिते आणि घरी येते. समारोपाचे दोन शब्द बोला म्हणाले की घसा बसलाय म्हणून सांगते. बोलायचंच झालं तर मला नरगुंदकर अक्कांबद्दल बोलावं लागेल, आणि मग त्यात माझंही नाव येतं.

नरगुंदकर अक्का आमच्या शाळेत गणित शिकवत आणि मी समाजशास्त्र, म्हणजे इतिहास-भूगोल वगैरे. शाळा कानडी माध्यमाची. आम्ही दोघी घरी मराठी बोलणाऱ्या, म्हणून स्टाफरूममधल्या खिडकीजवळच्या एका बाकावर तेवढं मराठी चालायचं. मुलं इकडच्या रिवाजाप्रमाणे बाईंना 'अक्कोरु' म्हणतात. त्या वर्गात शिरल्या की 'नमस्कार अक्कोरु' असा जो गजर व्हायचा, तो माझ्या वर्गापर्यंत ऐकू यायचा. उंची बेताची असल्यामुळे फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाशी त्यांचा संबंध नव्हता. खडूचे दोन तुकडे केल्याशिवाय त्या लिहीत नसत, कारण अख्खा खडू किंचाळतो. चहा पूर्ण गार झाल्याशिवाय तोंडाला लावत नसत. मी एकदा म्हटलं, "अक्का, मग सरबतच घ्या की." त्यावर म्हणाल्या, "घाई करणाऱ्या माणसांनी चहा प्यावा गरम. मला काय गाडी पकडायचीय?"

वह्या तपासण्याची त्यांची रीत वेगळी होती. उत्तराकडं त्या शेवटी बघत. आधी पान उजेडाकडं धरून खोडलेलं वाचत. रबरानं पुसलेलं, पेननं गिरवलेलं, सगळं. एखाद्या पोरानं पांढरा रंग फासून चूक झाकली असेल तर त्या दिवशी त्याची धडगत नसे. "बरोबर उत्तर काय गं वसुधा, शेजाऱ्याचं बघून पण लिहिता येतंय," असं त्या मला नेहमी सांगत. "चूक मात्र ज्याची त्याची असते. ती पुसून टाकली तर मला पोरगं सापडायचं कुठं?" मी मान हलवायची. माझ्या विषयात सनावळ्या पाठ असल्या की भागत होतं.

मी शाळेत नवी होते तेव्हाची गोष्ट. त्यांच्या वर्गावरून जाताना फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलेलं दिसलं. अक्का खडू हातात धरून गप्प उभ्या, आणि सबंध वर्गही गप्प. मला वाटलं, बाईंचा गोंधळ झाला. चारचौघांत नको म्हणून मी दारातून हळूच खूण केली, आत जाऊन कानाशी लागले आणि म्हटलं, "अक्का, छप्पन्न." त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं आणि वर्गाला मोठ्यांदा सांगितलं, "समाजाच्या बाईंना सापडला." वर्ग असा हसला की बस्स. मग त्यांनी मला फळ्यापाशी उभं केलं, खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः पोरांच्या बाकावर जाऊन बसल्या, चूक कशी झाली ते समजून घ्यायला.

तेव्हा कळलं की ही रोजची पद्धत आहे. प्रत्येक तासाला अक्का फळ्यावर एक चूक मुद्दाम करत. कानडीत चुकीला 'तप्पु' म्हणतात, आणि मुलं 'आजचा तप्पु' म्हणूनच तिची वाट बघत. चूक केली की अक्का थांबत. दोन मिनिटं, पाच मिनिटं, कधी त्याहून जास्त. त्या थांबण्यात नुसती शांतता नसे, त्या एकेका बाकावरून नजर फिरवत. कोण ओठ हलवतंय, कोणाचं पेन मध्येच थबकलंय, कोण नुसतं उतरवून मोकळं झालंय, हे सगळं त्या तेवढ्यात वाचत. कोणालाच सापडलं नाही तर चूक तशीच ठेवून घंटा झाली की निघून जात आणि दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच उलगडून सांगत. तशी वेळ क्वचित यायची. बहुतेक वेळा मधल्या सुट्टीत एखादं पोर स्टाफरूमच्या दाराशी धापा टाकत उभं असायचं. "कुठं आहे ते मी सांगणार नाही बरं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या शाळेत जन्मात कधी त्यांनी वेळेआधी सांगितलं नाही.

एकदा तपासणीला आलेले अधिकारी वर्गात मागं बसले असताना अक्कांनी तप्पु केलाच. दाराबाहेर उभ्या असलेल्या हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक. पहिल्या बाकावरच्या पोरानं हात वर केला तर अक्का त्याला म्हणाल्या, "थांब जरा, साहेबांना पण बघू दे." साहेबांना दिसलं नाही. शेवटी त्या पोरानंच सांगितलं. साहेब भला माणूस, हसला, आणि शेऱ्यात 'वर्ग जागा आहे' एवढंच लिहून गेला. हेडमास्तर मात्र आठवडाभर अक्कांशी बोलले नाहीत.

इंटरनेटशी त्यांचं वैर होतं असं कोणी समजू नये. स्वतःचा फोन बटणांचा होता, पण पोरं गणिताचा फोटो काढून उत्तर मिळवायला लागली तेव्हा त्यांनी एका मुलीकडून ते सगळं बघून घेतलं. पायऱ्या तपासल्या. "हुशार आहे गं," म्हणाल्या. "न कंटाळता दहादा सांगतंय. आता ह्याला विचार, मी कुठं अडलेय." मुलीनं विचारलं. काहीतरी लांबलचक उत्तर आलं. अक्कांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं आणि फोन परत देत म्हणाल्या, "बरं आहे. पण तू अडली होतीस दुसरीकडं."

आमच्या संस्थेची आणखी एक शाळा तालुक्यातल्या एका खेड्यात होती. तिथं गणिताला माणूस टिकत नसे. कोणी आला तर दोन महिने बसचे धक्के खाई आणि हुबळीत जागा मिळाली की जाई. दोन वर्षं तिथं कवायतीच्या मास्तरांनी 'पुस्तक उघडा' म्हणून गणित चालवलं होतं. तेव्हा आमच्या सेक्रेटरींनी कल्पना काढली की दहावीच्या सगळ्या गणिताचं चित्रीकरण करायचं, नेटवर चढवायचं आणि तिथल्या वर्गात पडदा लावायचा. कल्पना वाईट नव्हती, आजही मला ती वाईट वाटत नाही. बैठकीत त्यांनी विचारलं, कोणाचे धडे घ्यावेत? मी हात वर करून अक्कांचं नाव घेतलं.

अक्कांना तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. संस्था वर्षावर्षानं मुदत वाढवून देत होती. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "तिथं कोणीच नाही म्हणतेस ना? मग काहीच नसण्यापेक्षा पोरांनी माझं तोंड तरी बघावं की." आणि सुट्टीत रोज सकाळी गावाच्या कडेला केलगेरीत घर होतं तिथून चालत येऊन प्रयोगशाळेत उभ्या राहू लागल्या. रिक्षांचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना चादरी लावलेल्या, आत भट्टी. दोन-चार पोरं तरी समोर बसवा, असं त्यांनी सांगून पाहिलं. हुबळीहून आलेला कॅमेरावाला म्हणाला, "नको म्याडम, आवाज येतो." मग रिकाम्या बाकांपुढं एकेचाळीस धडे झाले.

मी लागोपाठ दोन दिवस बघायला गेले होते. अक्कांनी फळ्यावर नेहमीसारखी चूक केली आणि थांबल्या. एकेका रिकाम्या बाकावरून नजर फिरवली. कॅमेरावाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "म्याडम, विसरलात काय?"

"नाही हो. थांबलेय."

मग त्यांनी कॅमेऱ्याकडं बघून आजचा तप्पु शोधायला सांगितलं, सापडला की मला फोन करा म्हणाल्या आणि आपला नंबर दोनदा सांगितला. दुसऱ्या दिवशीच्या धड्याची सुरुवात आदल्या दिवशीचा तप्पु उलगडून केली. सगळं रीतसर, त्यांच्या वर्गात चालायचं तसंच. मला ते बघून जरा हसू आलं, जरा भरूनही आलं, आणि मी चहाला निघून गेले.

जूनमध्ये धडे सुरू झाले आणि अक्का फोनची वाट बघू लागल्या. डब्याशेजारी टेबलावर फोन असायचा, तासाला जाताना तो पदराखाली कमरेला. ऑगस्ट गेला, गणपती झाले, दसरा झाला, एक फोन नाही. "तिकडं रेंज नसेल हो," मी म्हणायची. त्या म्हणायच्या, "अगं, एकेचाळिसातला एक पण कुणाला सापडू नये?" दिवाळीनंतर एकदा फार उदास होऊन म्हणाल्या, "समोर असले की पोरं माझ्या तोंडाकडं बघून ओळखत असतील. शिकवणं असं काही नव्हतंच की काय माझं." तीस-पस्तीस वर्षं शिकवलेल्या बाईनं असं म्हणावं, हे मला ऐकवलं नाही.

पूर्वपरीक्षेचे त्या शाळेचे पेपर अक्कांनी हौसेनं मागून घेतले. अडतीस मुलं. दुपारी त्या बाकावर तपासत बसल्या होत्या, मी शेजारी हजेरीपट भरत होते. बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज आला नाही म्हणून बघितलं, तर समोर सात-आठ पेपर ओळीनं पसरलेले. प्रत्येकात एकच पायरी : पाच वजा कंसात एक्स वजा तीन, आणि खाली, कंस सोडवून, पाच वजा एक्स वजा तीन. उण्यानंतरचा कंस सोडवताना आतलं चिन्ह उलटायला हवं, ते उलटलेलंच नाही. अडतिसांपैकी एकतीस पेपरांत हेच.

"एवढ्या पोरांची एकच चूक नसते," अक्का म्हणाल्या. "वसुधा, ही माझी आहे."

हेडमास्तरांच्या खोलीतल्या संगणकावर आम्ही तो धडा लावला. धडा एकदम गणितापासूनच सुरू झाला, आदल्या दिवसाचं काही नाही. अक्कांनी चूक केली आणि लगेच पुढच्या ओळीवर गेल्या. मधलं थांबणं नव्हतं. शेवटचा फोन नंबर नव्हता. पुढचा धडा लावला, त्यातही तसंच. कॅमेरावाल्याला सांगितलं होतं की दहा मिनिटांच्या वर काही नको, रिकाम्या जागा काढून टाक, आणि त्यानं आपलं काम चोख केलं होतं. त्याच्या दृष्टीनं जिथं बाई बोलत नाहीत ती रिकामी जागा, आणि आदल्या दिवसाचं नि फोनचं बोलणं धड्याबाहेरचं. चुका तेवढ्या एकेचाळीसच्या एकेचाळीस शाबूत राहिल्या होत्या.

नेटवर चढवण्याआधी दोन शिक्षकांनी धडे तपासावेत असा संस्थेचा नियम होता. कागदावर 'तपासले, योग्य आहे' याखाली एक सही माझी होती. पहिल्या धड्याची दोन मिनिटं मी पाहिली होती. साडी छान दिसत होती.

सेक्रेटरींपुढं आम्ही दोघी उभ्या राहिलो. ते ओरडले नाहीत, तसे ते ओरडणारे नव्हतेच. म्हणाले, "अक्का, मुद्दाम चुकीचं कोण शिकवतं?"

"मी," अक्का म्हणाल्या.

"पण आता हे बाहेर कळलं तर? लोक संस्थेला काय म्हणतील?"

"लोकांचं मला ठाऊक नाही. दहावीला चार आठवडे राहिलेत. मला तिथं रोज जाऊ द्या."

सेक्रेटरींनी बराच विचार केला आणि सांगितलं की एक शनिवार जा, दुरुस्त्या सांगून या आणि विषय मिटवा. धडे उन्हाळ्यात नव्यानं घेऊ, दुसऱ्या कुणाकडून तरी. मी तिथं सही माझी आहे असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, त्यामुळे मी गप्प बसले. त्याची लाज मला तेव्हा वाटली आणि अजून वाटते. मार्चनंतर अक्कांची मुदत वाढली नाही. त्या आता मुलीकडं पुण्याला असतात, सणासुदीला आमचं फोनवर बोलणं होतं, गुडघ्यांचं, नातवंडांचं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र शिकवणाऱ्या अक्का त्या शनिवारच्याच राहिल्या आहेत.

शनिवारची शाळा सकाळची, साडेअकराला सुटते. आम्ही पहिल्या बसनं गेलो. बसमध्ये अक्कांनी पिशवीतून एक वही काढून सगळे धडे पुन्हा चाळले. वर्गात शिरल्यावर मुलं उभी राहिली आणि एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. पडद्यावरच्या अक्कोरु एवढ्याशा असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. मी मागच्या बाकावर बसले.

अक्कांनी फळ्यावर तीच ओळ लिहिली, पाच वजा एक्स वजा तीन, आणि विचारलं, "ह्यात तप्पु कुठं आहे?"

बऱ्याच वेळानं एक मुलगा उठून अदबीनं म्हणाला, "तप्पु इल्ल्री अक्कोरु, काही चुकलेलं नाही. व्हिडिओत असंच आहे."

"व्हिडिओत चुकलंय."

"नाही अक्कोरु," तो म्हणाला, "मी चार वेळा लावून बघितलंय." बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. दोन-तीन जणांनी वह्या उघडून दाखवल्या. प्रत्यक्ष अक्का समोर उभ्या राहून सांगत होत्या, आणि मुलं पडद्यावरच्या अक्कांची बाजू घेऊन त्यांच्याशी वाद घालत होती. अक्का चिडल्या नाहीत. खडूचे तुकडे करत त्यांनी विचारलं, "घरात पाच भाकऱ्या आहेत. शेजारणीला चार दिल्या. तिनं तीन परत आणून दिल्या. किती उरल्या?"

"चार," सगळा वर्ग म्हणाला.

"बरं. आता एक्सच्या जागी चार घाला आणि व्हिडिओत सांगितलंय तसं करून बघा."

आणि त्या थांबल्या. त्या शनिवारी मला पहिल्यांदा त्यांचं थांबणं नीट बघता आलं. मुलं वह्यांवर वाकली. कोणाचं उणे दोन आलं, त्यानं ते खोडलं, पुन्हा तेच आलं. भाकऱ्या उणे दोन कशा असतील म्हणून कोणीतरी फिसकन हसलं. खिडकीजवळची एक किडकिडीत मुलगी पेन चावत फळ्याकडं बघत होती. अक्का तिच्याकडं न बघता तिच्याकडंच बघत होत्या. मग ती उठली आणि हळू म्हणाली, "परत आलेल्या आपल्या झाल्या ना अक्कोरु. त्या मिळवायच्या. इथं अधिक पाहिजे."

वर्गभर आधी कुजबुज झाली, मग गलका. ज्यानं चार वेळा बघितलं होतं तो तिच्या वहीत डोकावायला धावला. "मग व्हिडिओतल्या अक्कोरु खोटं सांगतात?" असं कुणीतरी विचारलं. "चुकल्या," अक्का म्हणाल्या. "तुमचं काही चुकलं नाही." त्यांचा चेहरा असा उजळला होता की जून ते डिसेंबर वाट बघितलेला तो फोन एकदाचा आला असं मला वाटलं.

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. दहाला पाच कमी होते. एका चुकीला पाऊण तास गेला होता आणि चाळीस उरल्या होत्या. पुन्हा येता येणार नव्हतं, हे मुलांना ठाऊक नव्हतं, आम्हा दोघींना होतं.

अक्का टेबलाशी गेल्या. वही उघडली. "लिहून घ्या," म्हणाल्या. धडा पहिला, तिसरं उदाहरण, चौथी पायरी, अमुक चूक, अमुक बरोबर. धडा दुसरा. धडा तिसरा. धडा चौथा. आवाज एकसुरी, चढ नाही, उतार नाही. माना खाली गेल्या. वर कोणी बघेना, आणि अक्काही वहीतून मान वर काढेनात. अठरावा, एकोणिसावा. भरभर सांगितलं तर साडेअकराच्या आत संपणार होतं.

विसाव्या धड्याचा आकडा सांगून त्या पुढं बोलणार एवढ्यात खिडकीजवळच्या त्या मुलीनं हात वर केला. "अक्कोरु, थांबा. हा सांगू नका. मला सापडतोय."

अक्कांनी तिच्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि उत्तर सांगितलं. मुलीनं हात खाली घेतला आणि ते लिहून घेतलं.